मिशीची तारीख

"काल रात्री बारापर्यंत तुझ्याकडे कसली धबाधबी चालली होती गं? धब धब टाळी, धब धब टाळी. मला वाटलं, एवढ्या रात्री पापडाचं पीठ कुटायला काढलं की काय हिनं."

माईंचा हा प्रश्न मेंदीच्या कुंपणावरून आला, सोबत कढीपत्त्याची डहाळी. आमच्याकडे वाईत हे असंच असतं. डहाळी ही नुसती नांदी, खरा माल नंतर येतो.

"सिनेमा लागला होता, माई. बोहेमियन ऱ्हॅप्सडी."

"दिवाळीतही तोच लावला होतास ना? इतका आवडतो?"

"छे! डोकं फिरतं माझं तो बघून."

"मग बघतेस कशाला?"

"भांडायला."

हे त्यांना ताबडतोब पटलं. त्या स्वतः संध्याकाळी सातपासून मालिका बघतात त्या भांडायलाच. पडद्यावरच्या सासवांचा उद्धार आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येतो.

"काय एवढं चुकलं त्या सिनेमाचं?"

"मिशी."

"हो का!"

"हसू नका, माई. तुम्ही ऐकलंत ते धब धब टाळीचं गाणं बाजारात आलं १९७७ साली. तेव्हा फ्रेडीला मिशी नव्हती, केस मानेवर रुळत होते. मिशी आली १९८० च्या सुमाराला. आणि सिनेमात हा गृहस्थ चांगली भरघोस मिशी घेऊन दार उघडून आत येतो, खाली १९८० अशी अक्षरं उमटतात, आणि समोर गिटारवाला ब्रायन मे बाकीच्यांना हे गाणं शिकवत बसलाय. तीन वर्षं जगभर गाजून झालेलं गाणं! बरं, हा सिनेमा कुणी परक्यानं केलेला नाही. ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर दोघेही त्यात होते. ज्यानं गाणं लिहिलं त्यालाच साल आठवेना?"

"पण हा फ्रेडी म्हणजे कोण? गोरा?"

माईंच्या या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

"गोरा कसला! पारशी. फारोख बुलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आणि शाळा कुठली, सांगा? पाचगणी. इथं पसरणीचा घाट चढलात की आलीच. सेंट पीटर्स."

माईंच्या हातातली डहाळी हातातच राहिली. "सेहेचाळीस? म्हणजे माझ्याच बरोबरीचा की."

हिशेब बरोबर होता. आठ वर्षांचा असताना, १९५५ च्या सुमाराला, आईबापांनी त्याला बोटीत बसवून इकडे धाडलं. वर तो वसतिगृहात पियानोचे धडे गिरवत होता तेव्हा खाली वाईत माई पाढे म्हणत होत्या. बारा वर्षांचा झाला तशी त्यानं शाळेतल्या पोरांना जमवून बँड काढला, नाव हेक्टिक्स. फ्रेडी हे नावही त्याला तिथंच चिकटलं. वरचे दात पुढे आलेले, म्हणून पोरं बकी म्हणून चिडवायची. मग मुंबई, मग परत झांझिबार. १९६४ साली तिथं क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंड गाठून मोकळं झालं.

"मग सिनेमात पाचगणी दाखवली असेल छान. टेबललँड, घोडे..."

"एक प्रसंग नाही, माई. मुलगा लंडनच्या विमानतळावर सामान उचलताना दिसतो, तिथून गोष्ट सुरू. ज्या शाळेत तो पियानो शिकला, पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला, आपल्या माणसांपासून हजारो मैल लांब राहिला, ती शाळा गायब. रागावलेला पारशी बाप मात्र आहे. पोराला गाण्याचं वेड आणि बाप नको म्हणतोय, हे पडद्यावर छान दिसतं ना. वसतिगृहात एकटं पडलेलं पोर दाखवायचं म्हणजे कष्ट आहेत."

मी जरा तापलेच होते. पण माई कोर्टात बसलेल्या न्यायाधीशासारख्या शांत. त्यांचं म्हणणं एकच, अगं सिनेमाच तो, थोडं इकडचं तिकडे होणारच. सुबोध भावेचा बालगंधर्व त्यांनी पाहिलाय. तोच पुन्हा लोकमान्य झाला, तेही पाहिलं. मग काशीनाथ घाणेकर झाला, तोही पाहिला. "आपल्याकडे मोठा माणूस झाला की त्याचा सुबोध भावे होतो," असं माई गंभीर चेहऱ्यानं सांगतात. "तिथं काय सगळं खरंच होतं? पण बघताना डोळ्यांत पाणी आलं ना? मग झालं तर."

इथं मात्र मला माघार घ्यायची नव्हती. तारखांची अदलाबदल मी एक वेळ सोडून देईन. माझा राग आहे तो वेगळ्या गोष्टीवर.

सिनेमात असं दाखवलंय की फ्रेडी इतरांना अंधारात ठेवून स्वतःच्या एकट्याच्या रेकॉर्डचा करार करतो. बाकीचे तिघे दुखावतात, बँड फुटतो, फ्रेडी वाईट संगतीला लागतो, मग डोळे उघडतात, माफी मागतो, आणि वर्षानुवर्षं एकत्र न वाजवलेले हे चौघे १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या मैदानावर लाइव्ह एडच्या कार्यक्रमात जीव ओतून गातात. डोळे पुसा, दिवे लागले, घरी चला.

खरं काय होतं? स्वतःची वेगळी रेकॉर्ड आधी काढली ती रॉजर टेलरनं, १९८१ मध्ये. ब्रायन मेनं काढली १९८३ मध्ये. फ्रेडीचा नंबर शेवटचा. त्यावरून बँड काही फुटला नाही. १९८४ मध्ये चौघांनी मिळून अल्बम काढला, तो घेऊन जगभर फिरले आणि १९८५ च्या मे महिन्यात जपानमध्ये त्या दौऱ्याचे शेवटचे कार्यक्रम केले. म्हणजे वेम्बलीवर जी मंडळी चढली ती दोन महिन्यांपूर्वीपर्यंत रोज एकत्र वाजवत होती. म्हणून तर तसं वाजलं! शिवाय वाट्याला आलेल्या वीसेक मिनिटांसाठी त्यांनी लंडनच्या एका नाट्यगृहात घड्याळ लावून तालीम केली होती. आमच्या कलावंतांवर सिनेमा काढणाऱ्यांना तालमीचं कौतुक नसतं. त्यांना चमत्कार हवा असतो.

"आणि आजाराचं?" माईंनी हळू आवाजात विचारलं. एड्सचं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"तेही पुढचं मागे ओढलंय. सिनेमात तो लाइव्ह एडच्या तालमीत सोबत्यांना सांगतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्या जिम हटननं लिहिलंय की निदान झालं ते १९८७ मध्ये. पण मरणाची छाया आधी पाडली की गाण्याला रडू येतं ना! म्हणून माणसाचा आजार दोन वर्षं अलीकडे आणला."

माई गप्प झाल्या. त्यांच्या यजमानांचं आजारपण त्यांनी काढलंय, तारखा त्यांना पाठ आहेत.

"आणि गंमत ऐका. नसलेलं पाप चिकटवलं, पण असलेलं पुसलं. १९८४ च्या ऑक्टोबरात हेच चौघे दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायले. तिथं तेव्हा वर्णभेद. जगभरच्या कलावंतांनी तिकडे जायचं नाही असं ठरवलेलं. परत आल्यावर इंग्लंडमध्ये टीकेचा भडिमार झाला, वादकांच्या संघटनेनं दंड ठोकला. लाइव्ह एडला ते उभे राहिले तेव्हा हे सगळं ताजं होतं. गोष्ट सांगायची तर ही होती. आफ्रिकेत पैसे घेऊन गाणारे नऊ महिन्यांत आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी गायला उभे राहतात. सिनेमात सन सिटीचा शब्द नाही."

"कसा असेल? सिनेमा काढणाऱ्यांत तेच बसलेत म्हणालीस ना?"

बघा. माई चौथी-पाचवीच्या पुढे शिकल्या नाहीत, पण मुद्दा धरतात तो असा. चरित्रपट कलावंताच्या वारसांनी आणि भागीदारांनी काढला की त्याची पूजा मांडली जाते. चौथा भागीदार, बेसवाला जॉन डीकन, यांच्यात नाहीच. १९९७ नंतर तो घरात जाऊन बसला तो बसलाच. सिनेमा नाही, मुलाखत नाही. माईंचं मत पडलं की चौघांत शहाणा तोच.

आता एक सांगते, ज्यामुळे मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते. शेवटचा लाइव्ह एडचा भाग. त्यात पियानोवर ठेवलेले पेप्सीचे कागदी पेलेसुद्धा मूळ चित्रीकरणात होते तसे मांडलेत. कुठला पेला पुढे, कुठला मागे. फ्रेडी तो बूड नसलेला माइकचा अर्धा दांडा कसा धरतो, पियानोवरून उठताना कुठं वळतो, सगळं फ्रेडी झालेल्या रामी मालेकनं गिरवून काढलंय. आवाज बहुतेक फ्रेडीचाच, कुठं कुठं मार्क मार्टेल नावाच्या कॅनडाच्या गायकाचा. सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, त्यातलं मालेकचं मला मान्य. संकलनाचं अजिबात नाही. मॅनेजरशी टेबलाभोवती बसून बोलायच्या एका साध्या प्रसंगात इतके तुकडे जोडलेत की बघताना उचकी लागल्यासारखं वाटतं. पण पेल्यांची जागा अचूक आणि आयुष्याच्या जागा चुकलेल्या, याला काय म्हणायचं? पेले कुणी तपासतं म्हणून?

"कमाई किती झाली?" माई एकदम व्यवहारावर आल्या.

"नव्वद कोटी डॉलरच्या वर."

"मग तुझं कोण ऐकतंय!"

हे मात्र खरं. आणि त्यांची नातही याच सिनेमामुळे फ्रेडीचा हा बँड, क्वीन, ऐकायला लागली, हेही त्यांनी मला ऐकवलं. ती हल्ली फोनवर 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' लावते. त्याचा व्हिडिओ माईंनी पाहिलाय, आणि त्याबद्दल त्यांना विचारायचंच होतं.

"तो बायकांचे कपडे घालून केर काढतो, तो हाच का? मिशीवाला?"

"हाच. इंग्लंडमध्ये कोरोनेशन स्ट्रीट नावाची मालिका आहे, १९६० च्या डिसेंबरात सुरू झाली ती अजून चालू आहे..."

"अजून?" माईंच्या डोळ्यांत आदर दाटला. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग झाले हा त्यांच्या दृष्टीनं आजवर मानवजातीचा कळस होता.

"अजून. तर तिची टिंगल म्हणून चौघांनी बायकांची सोंगं घेतली. फ्रेडी आखूड स्कर्ट घालून, मिशीसकट, व्हॅक्यूम क्लीनर ओढत दिवाणखाना झाडतो. इंग्लंडमध्ये लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र भुवया चढल्या, एमटीव्हीनं नाक मुरडलं, आणि त्यानंतर क्वीनचं तिकडचं बस्तान उठलं ते फ्रेडीच्या हयातीत पुन्हा बसलं नाही, असं त्यांची मंडळीच सांगतात."

"साडी नेसला म्हणून?"

"स्कर्ट, माई."

"तेच गं ते. अगं, आमच्या आजीच्या वेळच्या बायका बालगंधर्व कशी साडी नेसतात ते बघायला जायच्या नि घरी येऊन तशी नेसायच्या. पुरुषाकडून शिकायच्या! आणि हे अमेरिकावाले मिशीला घाबरले?"

मी म्हटलं, बालगंधर्व मिशी काढून यायचे, घोटाळा तिथंच झाला असावा.

माईंना हे आवडलं नाही. बालगंधर्वांवर विनोद चालत नाही. म्हणून मी गाडी वळवली आणि रॉकेटमॅन काढला. एल्टन जॉनवरचा, २०१९ चा. बोहेमियन ऱ्हॅप्सडी अर्ध्यात असताना मूळ दिग्दर्शकाला काढलं आणि डेक्स्टर फ्लेचरनं तो पुरा केला. त्याच फ्लेचरचा हा पुढचा सिनेमा. यात तर तारखांचा पार कालवा आहे. १९७० च्या कार्यक्रमात तो जे गाणं म्हणतो ते लिहिलं गेलं त्यानंतर. पण मला राग येत नाही. कारण गाणं रंगात आलं की एल्टन पियानोसमोर हवेत तरंगायला लागतो, आणि समोरचे श्रोतेही जमिनीपासून वीतभर वर उचलले जातात. सिनेमा पहिल्यापासून सांगतो की मी संगीतक आहे, माझ्याकडे पंचांग मागू नका. संगीत नाटकात धैर्यधर लढाईच्या गडबडीत ताना घेतो, तेव्हा कुणी उठून विचारत नाही की फौजा कुठं थांबल्या. ठरलेलंच असतं ते. खोटं उघड असलं की ते खोटं राहत नाही. बोहेमियन ऱ्हॅप्सडी खाली साल लिहून खोटं बोलतो, ते मला झोंबतं.

बॉब डिलनवर २०२४ मध्ये आलेला 'अ कम्प्लीट अननोन' या दोघांच्या मध्ये कुठंतरी बसतो. श्रोत्यांतून त्याला ज्यूडास म्हणून ओरडलं गेलं ते मँचेस्टरला, १९६६ मध्ये. सिनेमानं ती आरोळी उचलून आदल्या वर्षीच्या न्यूपोर्टमध्ये ठेवली. चालतंय. डिलन झालेल्या पोरानं गाणी स्वतः म्हटलीत, त्याला शंभर गुन्हे माफ.

"बीटल्सवर नाही का गं काही? तेवढे मला माहीत आहेत. रविशंकरांवाले."

माईंच्या लेखी बीटल्स म्हणजे रविशंकरांचा एक शिष्य आणि त्याचे तीन मित्र. हे वर्णन अगदीच चुकीचं नाही. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसननं कार्यक्रम केला तो रविशंकरांच्या सांगण्यावरून. आधी सतार, सरोद आणि अल्लारखाँचा तबला. वाद्यं जुळवून झाली तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर म्हणाले, नुसतं जुळवणं एवढं आवडलं, तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा माईंना मी किती वेळा सांगितला असेल, त्या प्रत्येक वेळी तेवढ्याच हसतात.

"बीटल्सवर आहे, माई. पण तो सिनेमा नाही, आठ तासांची मालिका म्हणा. गेट बॅक. २०२१ च्या नोव्हेंबरात आली. पीटर जॅक्सननं केलेली. १९६९ च्या जानेवारीत चौघे नवी गाणी बसवत होते, तेव्हा कॅमेरे लावून साठेक तासांचं चित्रीकरण झालं होतं. त्यातून १९७० मध्ये एक दीड तासाचा सिनेमा निघाला. सगळा उदास, कुरकुर, भांडणं. पन्नास वर्षं लोक समजत होते की बीटल्स म्हणजे शेवटी शेवटी एकमेकांचं तोंड बघेनात. जॅक्सननं तीच रिळं धुऊनपुसून पुन्हा लावली तर काय, हे चौघे निम्मा वेळ खिदळतायत! भांडणंही आहेत. जॉर्ज एके दिवशी उठून सरळ निघून जातो. पण जेवायच्या सुट्टीत गेल्यासारखा जातो, आणि बाकीचे पुढे वाजवत बसतात. कुणी किंचाळत नाही, पाऊस पडत नाही, मागे सनया वाजत नाहीत."

"मग बघायचं काय त्यात?"

याचं उत्तर मी माईंना त्यांच्याच ओट्यावर बसून, फोनवर दाखवलं. दोन-चार मिनिटांचा तुकडा. सकाळची वेळ, जॉन लेनन उशीर करतोय. पॉल मॅकार्टनी खुर्चीवर बसून बेस गिटार खसाखसा छेडतोय, तोंडानं अर्थ नसलेलं काहीतरी बरळतोय. समोर जॉर्ज मोठी जांभई देतो. रिंगो शून्यात बघतोय. पॉल तेच तेच पुन्हा छेडतो. हळूहळू त्या बरळण्याला चाल येते. एक शब्द लागतो, मग दुसरा. जॉर्जची जांभई थांबते, तो गिटार उचलतो. रिंगो टाळी धरतो. आणि आपल्यासमोर 'गेट बॅक' हे गाणं जन्माला येतं. नंतर जॉन येतो आणि असं आत शिरतो जणू ते गाणं कालपासून होतंच.

माईंनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "जांभई ठेवली हे बरं केलं."

यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही. चरित्रपट जांभई काढून टाकतो. त्याच्या हिशेबी गाणं वीज पडल्यासारखं सुचतं, कुणीतरी दारात उभं राहून थक्क होतं, आणि पुढच्या क्षणी स्टेडियम भरलेलं असतं.

"आणि ती कोण मधेच बसलीये? काळ्या केसांची?"

"योको ओनो. जॉनची. लोक म्हणतात तिच्यामुळे बीटल्स फुटले."

माईंनी फोन पुन्हा घेतला, चष्मा वर सारला आणि बराच वेळ बघितलं. योको पेपर वाचत होती. मग कसलंसं शिवण घेऊन बसली. कुणाशी फार बोलली नाही.

"ही काय फोडणार कप्पाळ! बसलीये बिचारी. घर फुटलं की सून पांढऱ्या पायाची, हे तिकडेही आहे म्हण की."

त्याच चित्रीकरणात पॉल हसत हसत म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको स्पीकरच्या खोक्यावर बसली म्हणून हे फुटले. पन्नास वर्षांनी लोक बरोबर तेच म्हणत होते. पैशाचे वाद, मॅनेजर मेल्यानंतरचा गोंधळ, कोण हिशेब बघणार यावरून चौघांत पडलेले दोन तट, हे सगळं सांगत बसायला वेळ लागतो. सुनेचं नाव घेतलं की एका वाक्यात काम होतं.

आता माझं खरं मत सांगते, जे मी माईंना गेली कित्येक वर्षं पटवतेय. सिनेमानं आणि टीव्हीनं गायकाची गोष्ट सांगायच्या भानगडीत पडू नये. त्यानं गाणं वाजवावं. गोष्ट सांगायला गेलं की हात खोटा पडतो. गाणं नुसतं नीट जागी ठेवलं की ते स्वतःचं काम करतं.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी हेच गाणं घ्या. १९७५ च्या ऑक्टोबरात आलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, रेडिओवाले म्हणाले एवढं लांब कोण वाजवणार, आणि ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. अमेरिकेत तेव्हा नवव्या नंबरच्या वर गेलं नाही. मग १९९२ मध्ये वेन्स वर्ल्ड नावाचा एक येडबंबू सिनेमा आला. त्यात पाच पोरं एका ठेंगण्या गाडीत कोंबून रात्री गावातून चाललीयेत आणि टेपवर हे गाणं. ऑपेराच्या भागाला पाचहीजण आपापले सूर वाटून घेतात, आणि गिटार कडाडली की सगळी डोकी एकदम पुढे-मागे. बस. फ्रेडी कोण, कुठला, काय सोसलं, एक अक्षर नाही. त्या एका प्रसंगानं गाणं अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेलं. फ्रेडी तेव्हा जाऊन काही महिने झाले होते. १९९१ च्या २४ नोव्हेंबरला तो गेला. जाण्याआधी त्याला हा प्रसंग दाखवला आणि तो खूप हसला, असं ब्रायन मे सांगतो.

गाडीतली ती पाच टाळकी म्हणजे क्वीन ऐकणारे आम्ही सगळे. कॉलेजात असताना पुण्याला मैत्रिणीच्या भावाच्या फियाटमध्ये आम्हीही ऑपेराचा भाग असाच वाटून घेतला होता, आणि वरचा सूर नेहमी माझ्या गळ्यात यायचा. दोन कोटी डॉलरचा असो की पन्नास कोटींचा, कुठल्याच चरित्रपटानं मला माझं तोंड असं दाखवलं नाही.

सोप्रानोजचं तेच. न्यू जर्सीतला एक गुंड, बायकामुलांचा बाप, मानसोपचाराला जाणारा. आठ वर्षं चाललेली मालिका १० जून २००७ ला संपली. शेवटच्या प्रसंगात तो खानावळीत बसून टेबलावरच्या यंत्रात नाणं टाकतो आणि जर्नी नावाच्या बँडचं १९८१ चं एक चोथा झालेलं गाणं लावतो. बायको येते, मुलगा येतो, कांद्याची भजी येते. मुलीला बाहेर गाडी लावता येत नाहीये. दाराची घंटा वाजते, तो वर बघतो, आणि पडदा काळा. गाणं मधेच तुटलं. संपलं.

"म्हणजे? मेला का जगला?"

"सांगितलंच नाही, माई. अमेरिकेत लोकांना वाटलं नेमकी आत्ताच केबल गेली."

"केबलवाल्याला शिव्या घातल्या असतील."

"घातल्या."

"बरं केलं," माई म्हणाल्या. पण शिव्या घातल्या ते बरं केलं, की सांगितलं नाही ते, हे त्यांनी उघड केलं नाही.

आणि २०२२ मध्ये स्ट्रेंजर थिंग्जनं तर कमालच केली. केट बुशचं १९८५ चं गाणं, तेव्हा इंग्लंडात तिसऱ्या नंबरवर थांबलेलं. मालिकेतली एक दुःखी पोरगी ते कानाला लावून फिरते आणि ते गाणंच तिला राक्षसाच्या तावडीतून ओढून बाहेर काढतं. सदतीस वर्षांनी गाणं पहिल्या नंबरवर! माईंची नात तेव्हा इथं सुट्टीला आली होती आणि मला विचारत होती, काकू, ही नवीन गायिका तुम्हाला माहीत आहे का? मी तिला वरच्या कपाटातली कॅसेट काढून दाखवली. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हे चार्ज कुठून करायचं?

असो. आता बातमी अशी आहे की सॅम मेंडीस बीटल्सवर एकदम चार सिनेमे काढतोय, चौघांचे चार, २०२८ च्या एप्रिलसाठी जाहीर झालेत. त्यातला जॉर्ज होणार जोसेफ क्विन. हा तोच पोरगा, ज्यानं स्ट्रेंजर थिंग्जमध्ये छपरावर उभं राहून मेटॅलिकाचं गाणं वाजवलं होतं. तिथं तो गायकाचं सोंग न घेता नुसतं गाणं वाजवत होता, म्हणून झकास वाटला. इथं काय करतो बघू.

माई म्हणतात चारही बघायचे. मी म्हटलं, योको कशी दाखवतात त्यावर माझं मत ठरेल. त्यांना सून खलनायिका करायचा मोह झाला नाही आणि जॉर्जची जांभई ठेवली, तर मी पहिल्या दिवशी पहिला खेळ बघेन, माईंना घेऊन, साताऱ्याला नाही लागला तर पुण्याला जाऊन.

तुमच्याकडे तोवर वेळ आहे. गेट बॅक बघून घ्या. पहिला भाग जरा रेंगाळतो, पण सोडू नका.